तुर्की पेशंटसाठी हृदयरोगाची प्रश्नावली करायची तर नुसतं भाषांतर का पुरत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताई एमएससी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, हार्ट पेशंट स्वतःची काळजी कशी घेतात ते मोजणाऱ्या इंग्रजी प्रश्नावल्या तुर्कीत आणल्याचे पेपर वाचतायत आणि त्यांना सगळीकडे तेच दिसतंय, भाषांतर, उलट भाषांतर (म्हणजे तुर्कीतून परत इंग्रजीत), तज्ज्ञ, अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा), झालं. चांगला भाषांतरकार हे दोन दिवसांत करून देईल, मग वर्षभर करतात काय, असं त्यांनी विचारलंय.

मी दोन वर्षं तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात होते, नर्सिंगमध्येच मास्टर्स, आणि अशाच एका कामात वॉर्डात पेशंटजवळ बसून प्रश्न वाचून दाखवणाऱ्या टीममध्ये होते. माझी तुर्की तोवर बरी झाली होती पण एकटीने करण्याएवढी नव्हती, सोबत कायम तिकडची एक नर्स असायची. तर मी पाहिलंय ते सांगते.

आमची प्रश्नावली हार्ट फेल्युअरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचं हृदय रक्त पुरेसं पंप करत नाही त्यांच्यासाठी होती. या आजारात अंगात पाणी साठायला लागलं की पाय सुजायच्या आधीच बऱ्याचदा वजनकाट्यावर कळतं, त्यामुळे अशा प्रश्नावलीत बऱ्याचदा एक प्रश्न असतो, की आठवड्यात 2 किलो वजन वाढलं तर तुम्ही डॉक्टरांना किंवा नर्सला कळवता का. आता तुर्कीत वजन वाढणं म्हणजे 'किलो आल्माक', शब्दशः किलो घेणं, आणि आल्माक म्हणजे नुसतं घेणं नाही तर विकत घेणंसुद्धा. आमचं भाषांतर दोघांनी वेगवेगळं केलेलं, मग एकत्र केलेलं, मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलंच नव्हतं अशा माणसाकडून परत इंग्रजीत करून घेतलेलं, आणि हे वाक्य अगदी स्वच्छ परत आलं, वजन वाढलं तर. सगळे खूश. आणि वॉर्डात सत्तरीच्या एका तेयझेंना (तेयझे म्हणजे मावशी, तिकडे अनोळखी वयस्कर बाईला असंच म्हणतात) ते वाक्य वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, कसले दोन किलो? त्यांच्या कानाला ते 'एका आठवड्यात मी दोन किलो घेतले तर' असं गेलं आणि त्या टोमॅटो की पीठ याचा विचार करत बसल्या.

मला हे उदाहरण इतकं महत्त्वाचं वाटतं कारण उलट भाषांतरात ही चूक कधीच सापडली नसती. भाषांतर करणारा शिकलेला असतो, त्याला संदर्भ माहीत असतो, तो बरोबरच अर्थ घेतो. चूक सापडते ती पेशंटच्या कॉटजवळ, आणि तिथे बसायला वेळ लागतो. 2000 साली बीटन आणि सहकारी या संशोधकांनी या सगळ्या कामाच्या पायऱ्या लिहून ठेवल्यात, त्यात शेवटी 30 ते 40 लोकांवर प्रश्नावली वापरून प्रत्येकाला विचारायचं की तुम्हाला यातून काय समजलं, उत्तर देताना मनात काय आलं. पेपरमध्ये याला एक ओळ मिळते. माझ्या मते खरं काम तेच आहे.

क्रियापदाचं पण असंच. तुर्कीत 'तार्तिलिरिम' म्हणजे मी वजन करते, सवय म्हणून, आणि 'तार्तिलियोरुम' म्हणजे सध्या करतेय. प्रश्नावलीत साहजिकच पहिलं रूप घालतात. पण तेच रूप तुर्कीत तयारी दाखवायला, शब्द द्यायलाही वापरतात, आपण 'करीन की' म्हणतो ना तसं. त्यामुळे काही पेशंट 'रोज वजन करते' याला मान डोलवायचे आणि पुढे विचारलं की मागच्या आठवड्यात किती वेळा केलं, तर एकदाही नाही. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना ते डॉक्टरांचं म्हणणं मान्य आहे का असं विचारल्यासारखं वाटलं होतं. मग वाक्यात 'गेल्या महिन्यात' घालायचं का, पण घातलं तर मूळ प्रश्नावलीपासून लांब जातो आणि दुसऱ्या देशातल्या आकड्यांशी तुलना करता येत नाही, यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्या. मूळ लेखकाला विचारल्याशिवाय असे बदल करायचे नसतात.

आजाराचं नावच घ्या. डॉक्टरांच्या कागदावर 'काल्प येतेर्सिझलिई', म्हणजे हृदय कमी पडणं, असतं, लोकांच्या तोंडी 'येत्मेझलिई' असतं, आणि बऱ्याच म्हाताऱ्या पेशंटना दोन्ही माहीत नसतं, ते सांगतात माझं हृदय मोठं झालंय. त्यांना पहिल्याच ओळीत ते पुस्तकी नाव वाचून दाखवलं की ते घाबरतात, किंवा म्हणतात हे मला नाहीये.

खाण्यापिण्याचे प्रश्न तर सर्वात अवघड. तुर्कस्तानात मिठाचं प्रमाण प्रचंड आहे, 2008 च्या तिथल्या मोठ्या अभ्यासात माणशी दिवसाला जवळपास 18 ग्रॅम निघालं होतं, 2012 मध्ये 15 च्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 पेक्षा कमी. 'मी कमी मिठाचं खाते' म्हटलं की पेशंटच्या डोळ्यासमोर टेबलावरची मिठाची डबी येते. ती उचलली नाही म्हणजे झालं. पण सकाळच्या नाश्त्याचं पांढरं चीज, ऑलिव्ह, जेवणातली साल्चा म्हणजे टोमॅटोची घट्ट पेस्ट, तुर्शु म्हणजे त्यांचं लोणचं, आणि प्रत्येक जेवणाला पाव, मीठ सगळं इथे आहे. पाण्याचंही तेच. 'सिवी' म्हणजे द्रवपदार्थ, पण लोक मोजतात फक्त पाणी. चहा मोजत नाहीत. तिकडे चहा छोट्या कमरेच्या काचेच्या ग्लासात पितात, एक ग्लास साधारण 100 मिली, आणि दिवसाला दहा ग्लास काही विशेष नाही, म्हणजे एक लिटर तिथेच गेलं, वर सूप आणि आयरान, म्हणजे त्यांचं ताक. डॉक्टरांनी घातलेली दिवसाची दीड-दोन लिटरची मर्यादा विचारायची तर ग्लासात विचारा असं मी तेव्हा फार कळवळून सांगितलं होतं, शेवटी कंसात चहा, सूप, आयरान एवढं घालायला परवानगी मिळाली.

आणि मग 'स्वतःची' काळजी यातला 'स्वतः'. एका काकांना मिठाचं विचारलं तर ते म्हणाले 'हानिम बिलिर', बायकोला माहीत. गोळ्या मुलगी काढून देते, वजनाचं सून बघते. हॉस्पिटलात पेशंटबरोबर घरचं माणूस असतंच, रेफाकात्ची म्हणतात त्याला, आणि प्रश्न वाचला की उत्तर पेशंटच्या आधी तेच देतं. म्हाताऱ्या बायकांमध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या बऱ्याच, म्हणजे प्रश्न वाचून दाखवायलाच लागतात, मग उत्तर नक्की कोणाचं धरायचं? आम्ही घरच्यांना हात जोडून बाहेर थांबवायचो, पण मला अजूनही वाटतं की त्या घरात जी काळजी घेतली जातेय ती खरीच आहे, ती मोजणीतून निसटली. असा मुद्दा पेपरमध्ये मर्यादा म्हणून तरी लिहावा.

'डॉक्टर किंवा नर्सला फोन करते' हे वाक्य ज्या देशांत हार्ट फेल्युअरची खास नर्स असते आणि तिचा नंबर पेशंटकडे असतो तिथलं आहे. टिनी यार्स्मा या संशोधिकेची युरोपियन स्केल, म्हणजे हार्ट फेल्युअर पेशंट स्वतःची काळजी कशी घेतात त्याला गुण देणारी प्रश्नावली, 2003 ची, त्यात असे प्रश्न बरेच आहेत. तुर्कस्तानातला पेशंट दम वाढला की आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो, नाहीतर सरळ आजिल म्हणजे इमर्जन्सीत. त्याने योग्यच केलं, पण 'फोन करत नाही' म्हणून त्याचे गुण जातात. रमजानचंही लक्षात ठेवा, उपास धरणारे गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारवर ढकलतात, त्यामुळे त्याच पेशंटना दोनदा विचारून उत्तरं जुळतात का ते बघताना पहिली फेरी रमजानच्या आधी आणि दुसरी रमजानमध्ये घेतलीत तर दोन फेऱ्यांतला फरक प्रश्नावलीचा की उपासाचा हे सांगता येणार नाही.

आकड्यांबद्दल थोडक्यात, ते पुस्तकात आहेच. तज्ज्ञांकडून प्रत्येक प्रश्नाला 4 पैकी गुण घेऊन आशय वैधता, म्हणजे जे मोजायचंय तेच प्रश्न विचारतोय का, ते काढतात, तुर्कस्तानात 0.80 ची रेघ जास्त वापरतात. अभ्यासात पेशंट घ्यायचे ते दर प्रश्नामागे 5 ते 10. अल्फा 0.70 च्या वर आला की लोक निर्धास्त होतात, तसं करू नका, गोळ्या वेळेवर घेणारा माणूस रोज वजन करेलच असं नाही, या सवयी एकमेकींना बांधलेल्या नसतात, त्यामुळे कमी अल्फा म्हणजे भाषांतर वाईट असं नाही आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. अजून एक, गुणांची दिशा तपासा. युरोपियन स्केलच्या मूळ मोजणीत कमी गुण म्हणजे चांगली काळजी, आणि बार्बरा रीगल यांच्या इंडेक्समध्ये, म्हणजे याच विषयाच्या दुसऱ्या प्रश्नावलीत, उलटं, गुण 0 ते 100, 70 किंवा जास्त म्हणजे पुरेशी. दोन तुर्की पेपर शेजारी ठेवून वाचताना हे विसरलात तर निष्कर्ष उलटाच निघेल.

तुर्की बोलणारे पेशंट फक्त तुर्कस्तानात नाहीत हेही धरा. 1961 च्या करारानंतर जर्मनीत कामाला गेलेली पिढी आता नेमकी हृदयरोगाच्या वयात आहे, त्यांच्यासाठी अंकारात तयार झालेली प्रश्नावली जशीच्या तशी उचलू नये, त्यांचे डॉक्टर, दवाखाना, औषधांची नावं सगळं जर्मन.

तुम्ही पुढे मराठीत असं काही करणार असाल तर मूळ लेखकांना परवानगीचा मेल आधी टाका, आणि तज्ज्ञांची मीटिंग व्हायच्या आधी पाच-सहा पेशंटजवळ जाऊन बसा, नंतर नाही. आपल्याकडेही 'पाणी कमी प्या' म्हटलं की ताक आणि आमटी कोणी मोजत नाही.

त्या तेयझेंकडे आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो होतो. वाक्य बदलून नेलं होतं, काट्यावर माझं वजन 2 किलोने वाढलेलं दिसलं तर, असं. त्यांनी नीट ऐकलं, यावेळी लगेच समजलं, आणि म्हणाल्या, अगं पण पोरी, आमच्या घरी काटाच नाहीये.