खूण नको मागूस, शहाणपण माग

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज नीट वाचला. नोकरीची ऑफर आलीय, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, त्यात नवीन फोन ईएमआयवर घ्यायचा का तेही अडलंय, आणि तू म्हणतोस, "काका, देवाला विचारतोय पण काही खूणच मिळत नाही." आधी हे सांगतो की तू विचारतोयस हेच मला फार आवडलं, नाहीतर आपल्यातले बरेच जण लग्न आणि व्हिसा एवढ्यासाठीच गुडघे टेकतात, बाकीचं आपलं आपण उरकून टाकतात.

पण खुणेच्या मागे लागू नकोस. न्यू इयरच्या उपासनेत आपण बायबलच्या वचनाचं कार्ड काढतो, धीर द्यायला ते छानच आहे, पण नोकरी घ्यायची का हे ठरवायला बायबल कुठंही उघडून बोट ठेवणं मला पटत नाही. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलंय की ज्याला ज्ञान कमी पडतंय त्यानं देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. म्हणजे फोनसारख्या गोष्टीसाठी काय येतोस असं तो तुला म्हणणार नाही, बिनधास्त माग.

यहोशवाचा 9 वा अध्याय आज रात्री वाच. गिबोनची माणसं येतात, ठिगळं लावलेले जोडे, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, बुरसलेली भाकर, आणि सांगतात आम्ही लई लांबून आलोय. इस्राएली लोकांनी त्यांची शिदोरी बघितली, खात्री पटली, करार करून टाकला, पुढाऱ्यांनी शपथसुद्धा घेतली, फक्त परमेश्वराला विचारलं नाही. तीन दिवसांनी कळतं की ही तर शेजारचीच माणसं, ज्यांच्याशी करार करायला देवानं मना केलं होतं! बघ, ते बेसावध नव्हते, चौकशी केली होती त्यांनी, पण सगळं इतकं उघड दिसत होतं की विचारायची गरजच वाटली नाही. तुझी ऑफरपण तशीच दिसतेय मला, पॅकेज मोठं, ऑफिस चकाचक. जिथं सगळं क्लिअर वाटतंय तिथंच देवाला जास्त विचार.

आता नहेम्याकडे बघ, पर्शियाच्या राजाला द्राक्षारस देणारा यहूदी सेवक. यरुशलेमचा तट पडलाय हे कळल्यापासून महिनोन्महिने तो प्रार्थनेत होता, आणि राजानं तुला काय पाहिजे असं विचारल्यावर तिथंच उभ्या उभ्या मनात प्रार्थना करून लगेच बोलला. काय बोलला? किती दिवस लागतील ते सांगितलं, अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली, राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड मागितलं. सगळा होमवर्क तयार होता! तिथं पोचल्यावर रात्री गुपचूप फिरून तट स्वतः पाहिला, आणि मग 52 दिवसांत काम पूर्ण. प्रार्थना केली म्हणून त्यानं चौकशी सोडली नाही.

म्हणून तूपण प्रार्थना करून उठलास की एचआरला फोन लाव. हातात नक्की किती येणार, बॉन्ड मोडला तर किती भरायचे, रविवारची सुट्टी पक्की का रोटेशनवर, हे लेखी घे. तिथं काम करून सोडलेला कोणी असेल तर त्याला गाठ. पप्पांशी बोल, पाळक साहेबांशी बोल, देव बरेचदा अशाच माणसांच्या तोंडून बोलतो. फोनचं म्हणशील तर याकोबानं तिसऱ्या अध्यायात वरून येणारं ज्ञान कसं असतं ते लिहिलंय, शुद्ध, शांतिप्रिय, दुसऱ्याचं ऐकणारं. आता ईएमआयचा आकडा मम्मीपासून लपवावा लागतोय आणि तिनं विचारलं की तू चिडतोस, असं तूच लिहिलंयस, मग त्याचं उत्तर मी वेगळं काय देऊ.

आणि चुकलं तर काय, ही भीती मनात ठेवून बसू नकोस. गिबोनच्या लोकांना दिलेला शब्द इस्राएलनं पाळला, आणि पुढच्याच अध्यायात त्याच गिबोनवर पाच राजे चालून आले तेव्हा इस्राएल मदतीला गेला आणि देव इस्राएलच्या बाजूनं लढला, सूर्य थांबला तो त्या दिवशी. न विचारता केलेल्या करारातसुद्धा त्यानं आपल्या लोकांना सोडलं नाही.

ऑफर लेटरमधलं बॉन्डचं पान मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, उद्या संध्याकाळी घरी ये, आधी प्रार्थना करू मग ते पान एकेक ओळ करून वाचू.

तुझा,
काका