विसार देण्याआधी

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं, जमिनीचे फोटोही पाहिले. ते गणपतीच्या आसपासचे आहेत हे तेरड्यावरून लगेच कळलं. उतारभर तेरडा फुललाय, मागे धुकं, पऱ्या (ओढा) खळाळतोय. दीड एकर, गुंठ्याला बारा हजार, ‘बारमाही झऱ्यासह’. आणि एजंट म्हणतो, रविवारपर्यंत एक लाख विसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. ते दुसरं गिऱ्हाईक मला चांगलंच ओळखीचं आहे. 2008 साली मी जमीन घेतली तेव्हाही ते तयारच होतं.

‘काका, घेऊ का? तिथे ऑफ-ग्रिड, विजेच्या तारेविना राहायचंय,’ असं विचारलंयस. तूर्त एवढंच सांगतो की रविवारी काही देऊ नकोस. साठ गुंठे सात लाख वीस हजारांत मिळतायत, तर गावातल्या कुणी ते का घेतले नाहीत, हे आधी शोध. कोकणातली माणसं भोळी असतात अशी शहरात एक समजूत आहे. हापूसची पेटी कुणाला कितीला द्यायची हे ज्याला गाडीचा नंबर बघून कळतं, त्याला जमिनीचा भाव कळत नाही होय? स्वस्त जमिनीत काहीतरी कमी असतं. पाणी, वाट किंवा कागद. कधी तिन्ही.

माझ्या जमिनीत पाणी नव्हतं. मीही सप्टेंबरातच गेलो होतो. वरच्या अंगाला झरा होता, खाली जुनी विहीर काठोकाठ. मी आणि बायको त्या विहिरीच्या काठावर बसून डबा खाल्ला आणि तिथेच ठरवून टाकलं. विहिरीचा तळ फेब्रुवारीत दिसला. मार्चमध्ये झरा म्हणजे दगडावरचा ओला डाग. मग एक पाणी बघणारा आणला, त्याने नारळ तळहातावर ठेवून शेत पालथं घातलं, नारळ जिथे उभा राहिला तिथे बोअर मारली. दोनशे वीस फूट खाली गेलो, वर आली ती धूळ. नारळाचं मात्र कालवण झालं.

नंतर अक्कल आली ती अशी. तुझी जमीनही माझ्यासारखी जांभ्यावर आहे, फोटोत सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीचा, काळपट कातळ स्पष्ट दिसतो. जांभा दगड म्हणजे चाळण. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तरी पाणी त्यातून खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला टेकलं की आडवं वाहतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून जुन्या वाड्या खाली वसल्यात आणि वरचा सडा गुरांना ठेवलाय. विकायला निघतो तो वरचा सडा. तिथून समुद्र दिसतो ना!

तेव्हा झरा बघायचा तर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन जा. बादली मिनिटात भरली तर दिवसाला एकवीस हजार सहाशे लिटर झाले, डोळे मिटून जमीन घे. अर्ध्या तासात भरली तर सातशे वीस लिटर, म्हणजे दोन माणसं आणि थोडी झाडं निभतात. एजंट म्हणेल, मे महिन्यात ऊन फार, दिवाळीला या. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, ऊन फार असतं.

झरा आटला तरी सगळं संपत नाही. आम्ही आज छपराच्या पाण्यावर जगतो. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर. पन्नास चौरस मीटरचं छप्पर आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर. गळती, उडणं, पहिल्या सरींचं घाण पाणी वजा जाता एक लाख वीस हजार धर. दसऱ्यापासून पुढच्या मिरगापर्यंत आठ महिने, दोन माणसांना रोज दोनशे लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. पाणी पडतं भरपूर, साठवायला जागा लागते. फेरोसिमेंटची साडेचार मीटर व्यासाची, सव्वातीन मीटर उंच टाकी पन्नास हजार लिटर धरते. ती बांधायला रेती, सिमेंट, जाळी आणि गवंडी जमिनीपर्यंत पोचले पाहिजेत. म्हणजे वाट हवी.

वाट गुगलच्या नकाशावर शोधू नकोस. जमिनीवर जी पायवाट आहे ती कुणाच्या सर्व्हे नंबरातून जाते ते बघ. आज शेजारी हसत वाट देतो, उद्या त्याचा भाऊ मुंबईहून येतो आणि दगडांचा गडगा घालतो. वहिवाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण गावात राहायला जाऊन पहिल्याच वर्षी शेजाऱ्यावर दावा लावणारा माणूस पुढे काय राहणार? वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घे, ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्या सहीने. आणि ती वाट जुलैत पऱ्या ओलांडते का, हे विचार.

आता कागद. इथे मी लांबण लावणार आहे, कारण याच्यावर माझी सहा वर्षं गेली.

सगळ्यात आधी, तुझ्या नावावर कुठे शेती आहे का? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम 63. वडिलोपार्जित सातबारावर तुझं नाव चढलं असेल तर त्याचा उतारा काढ. नसेल, तर ‘दाखल्याची व्यवस्था करून देतो’ म्हणणारा भेटेलच. त्याला चहा पाज आणि निरोप दे. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार उघडकीला आला की जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.

मग सातबारा. सगळे मालकाचं नाव आणि क्षेत्र बघतात. तू ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाच. तिथे बँकेचा बोजा असेल, कुळाचं नाव असेल, खाजगी वनाची नोंद असेल. ही शेवटची सगळ्यात वाईट. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने कोकणातल्या कित्येक डोंगरउताराच्या जमिनी कागदोपत्री वन झाल्यात. मालकाच्या ताब्यात दिसतात, पण तिथे तू झोपडीही बांधू शकणार नाहीस. भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन असेल तर सरकारी परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आला. खातेदार आदिवासी असेल तर तो व्यवहार सोडून दे. कायदा आहेच, शिवाय मनालाही तसलं घर लाभत नाही.

आणि नावं मोज. तू पाठवलेल्या सातबारावर मला तेवीस नावं दिसली. विकणारा एकच आहे. तो म्हणत असेल, ‘आमचं तोंडी वाटप झालंय, हा कोपरा माझा.’ माझाही विकणारा असंच म्हणाला होता. एकवीसपैकी वीस सह्या झाल्या, एक आत्याबाई डोंबिवलीत होत्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचा राग जमिनीवर नव्हता, भावावर होता, पण दावा माझ्यावर लागला. सहा वर्षांनी मीच एकदा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो, दोन तास त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकल्या. त्यांनी सही केली. वकिलाने जे सहा वर्षांत केलं नाही ते अर्धा किलो पेढ्यांनी केलं, पण तू या पेढ्यांच्या भरवशावर राहू नकोस. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या नाहीतर रीतसर वाटप आणि वेगळा सातबारा, त्याआधी साठेखतसुद्धा (खरेदीआधीचा करार) नाही. ज्यांचं मुखत्यारपत्र दाखवतील ते हयात आहेत का तेही बघ. माणूस गेला की साधं मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर जातं.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, तुझ्या वकिलाकडून, एजंटाच्या नव्हे. मोजणी विकणाऱ्याला करायला लाव, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात घे आणि मोजणीच्या दिवशी स्वतः उभा राहा. शेजारी कुठे उभे राहतात, कुणाशी बोलत नाहीत, हे त्या दिवशी जितकं कळतं तितकं कुठल्या कागदावर नसतं. मित्राबरोबर पाच-पाच गुंठे वाटून घ्यायचा बेत मात्र सोड. शेतजमिनीचा तुकडा जिरायत असेल तर वीस गुंठ्यांखाली आणि बागायत असेल तर दहा गुंठ्यांखाली पाडता येत नाही.

विजेचं तू फार वाचलंयस, मी थोडकं सांगतो. एक किलोवॅटची पॅनलं हिवाळ्यात दिवसाला चारेक युनिट देतात. जुलैत आमच्याकडे सलग आठ दिवस एक युनिटही मिळालं नव्हतं. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर एक पूर्णांक आठ युनिट धरते. ती टिकायला हवी असेल तर त्यातलं निम्मंच वापर. फ्रिज दिवसाला एखादं युनिट खातो. म्हणजे पावसाळ्यात फ्रिज की दिवे, एवढाच प्रश्न उरतो. आम्ही फ्रिज विकला. पॅनलांचे बोल्ट मात्र दुप्पट लाव. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमचे पत्रे दोन शेतं ओलांडून काजूत अडकले होते. तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे मोबाईल चार्ज करायला अर्धी वाडी आमच्या पडवीत. गावाशी खरी ओळख तेव्हा झाली, बारा वर्षांनी.

तोपर्यंत का झाली नव्हती, तेही ऐक. आल्या आल्या मी तारेचं कुंपण घातलं होतं, चारी बाजूंनी, कागदाप्रमाणे बरोब्बर. त्या कुंपणात गुरांची पाण्यावर जायची वाट अडली. कुणी काही बोललं नाही. कोकणात बोलत नाहीत. पुढच्या मार्चमध्ये खालून वणवा आला, तोही कुणी सांगितला नाही. शंभर काजूकलमांतली अकरा राहिली. दुसऱ्या दिवशी मी कुंपणात गुरांना जायला दोन वाटा ठेवल्या आणि भाजावळीच्या (शेतातला पालापाचोळा जाळण्याच्या) आधी वणवा अडवणारी जाळरेषा कशी काढायची ते शिकवायला एका म्हाताऱ्याला विनवलं. तो लगेच आला. जणू वर्षभर बोलावण्याची वाट बघत होता. ‘ऑफ-ग्रिड’ हा तुझा शब्द मला आवडतो, पण तारेतून सुटलास तरी वाडीला बांधलेला राहशील. ग्रामदेवतेची वर्गणी, शिमग्याला दारात येणारी पालखी, गावकीची बैठक, सगळं बिलासारखं वेळेवर येतं.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नकोस, जुलैतल्या रात्री किती वेळ लागतो ते विचार. जांभ्याच्या गडग्यात फुरसं असतं, टीचभर दिसतं, पण विषारी. सर्पदंशावरचं औषध कुठल्या रुग्णालयात ठेवलेलं असतं ते पाठ पाहिजे. लाल विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावरच्या उपचारांत मोठं काम केलं नसतं तर कोकणात आणखी किती माणसं दगावली असती. आणि घरासाठी जेसीबीने डोंगराचा पाय कापू नकोस. जुलै 2021 मध्ये तळिये गावावर दरड आली, ते गाव इथून लांब नाही.

एवढं वाचून तू जमीन घेणार नाहीस असं मला वाटत नाही. मीही घेतलीच होती, आणि पुन्हा विचारलंस तर पुन्हा घेईन. फक्त हिशेब असा मांड: जमिनीला गेले त्याच्या अडीचपट माझे पाणी, वाट आणि कोर्टात गेले. तुझ्याकडे तेवढे नसतील तर दीड एकराऐवजी वाडीला लागून असलेले पंचवीस गुंठे बघ, जिथे दुसऱ्याच्या विहिरीवरून हंडा आणता येतो. समुद्र दिसणार नाही. चालून गेलास की दिसेल.

एजंटाला सांग, काकांना दाखवून मग बोलतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ये. बादली, घड्याळ, तेवीस नावांचा तो सातबारा आण, आपण दोघं आधी झऱ्यावर जाऊ. मंडणगडला उतरलास की फोन कर, वरच्या वळणावर रेंज जाते. आणि पिण्याचं पाणी दोन दिवसांचं बरोबर घेऊन ये. त्या सुमाराला आमची टाकी तळाला लागलेली असते.

तुझा,
काका