९६ टक्क्यांचा हिशेब

ताई, आपला प्रश्न मी दोनदा नीट वाचला. आपल्या धाकट्या भावाला एचआयव्हीची बाधा आहे, तीन वर्षांपासून तो सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील उपचार केंद्रातून, औषध घेत आहे, त्याच्या शेवटच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या, कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू आढळला नाही) असे आले आहे आणि ज्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आहे तिला त्याने स्वतःहून सगळे सांगितले आहे. मुलगी तयार आहे. मात्र उपचारांमुळे जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी कमी होते असे वाचल्यापासून ‘उरलेल्या ४ टक्क्यांत ही पोरगी सापडली तर?’ या विचाराने आपली झोप उडाली आहे. शिवाय ‘असले आजार घरंदाज माणसांना होत नाहीत’ हे मामांचे बोलणे आपल्याला लागले आहे. मी २२ वर्षे एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केले आहे आणि हे दोन्ही प्रश्न माझ्या टेबलासमोर असंख्य वेळा आले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ९६ टक्क्यांचे. शंभर बायकांपैकी चौघींना लागण होते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हा आकडा ‘एचपीटीएन ०५२’ या मोठ्या चाचणीतून आला. तिच्यात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती आणि प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित, दुसरा निरोगी होता. आपल्याकडची पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही तिच्यात होती. बाधित जोडीदाराच्या सीडी४ पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांना घटवतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५० ते ५५० च्या दरम्यान होत्या, म्हणजे त्या वेळच्या प्रघातानुसार औषध थोडे थांबून सुरू केले तरी चालणार होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला औषध लगेच दिले, दुसऱ्या गटाला पेशी घसरल्यावर किंवा लक्षणे दिसल्यावर. निरोध आणि समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच होते. २०११ साली आकडे पाहिले तेव्हा एका जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेल्या २८ लागणी सापडल्या; त्यांपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या आणि लगेच औषध मिळालेल्या गटात अवघी एक. सत्तावीसच्या जागी एक, या तुलनेचे नाव ९६ टक्के. लगेच औषध मिळालेल्या गटात जवळजवळ ९०० जोडपी होती, हे लक्षात घेतले की आपल्या मनातल्या ‘शंभरात चार’चा पायाच निघून जातो.

त्या एका लागणीचे काय, असे आपण विचाराल, आणि विचारायलाच हवे. याचे उत्तर चाचणीच्या २०१६ च्या अंतिम अहवालात आहे. औषध सुरू झाल्यानंतर जोडीदाराला लागण झाल्याची आठ उदाहरणे पूर्ण अभ्यासात सापडली. त्यांपैकी चार अगदी सुरुवातीच्या काळातली होती, जेव्हा विषाणू अजून दबलेला नव्हता, आणि चार उदाहरणांत औषध निकामी होऊन विषाणू पुन्हा वाढला होता. ज्यांचा विषाणू औषधाने स्थिरपणे दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण मिळाले नाही. आपल्या भावासाठी कामाचे वाक्य हे आहे. ९६ चा आकडा त्याला लागूच पडत नाही, कारण त्या आकड्यात विषाणू दबण्यापूर्वीचे दिवसही मोजलेले आहेत.

यावर युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासाने शिक्कामोर्तब केले. त्यात बाधित व्यक्तीचा व्हायरल लोड २०० च्या खाली असलेली आणि निरोध न वापरणारी जोडपी घेतली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात ८८८ जोडप्यांचे सुमारे ५८,००० निरोधविरहित संबंध मोजले गेले. तेवढ्या काळात ११ जोडीदारांना नवी लागण झाली खरी, परंतु विषाणूची जनुकीय रचना ताडून पाहिल्यावर एकही लागण घरच्या जोडीदाराकडून आलेली नव्हती. केवळ लागणी मोजल्या असत्या तर निष्कर्ष चुकला असता, म्हणून हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. २०१९ मध्ये समलिंगी पुरुष जोडप्यांच्या पुढच्या टप्प्यातही हाच निकाल आला: जोडीदाराकडून लागण, शून्य.

आता मामांचे म्हणणे. त्यांना पुण्यातल्याच संशोधनाने ३० वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जिला आम्ही सगळे ‘नारी’ म्हणत आलो, तिची स्थापना १९९२ ची. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास करून तो १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक साध्या संसारी बायका होत्या. त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. या बायका दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या होत्या, तेव्हा हा आकडा सगळ्या समाजाला लावता येत नाही, हे खरे. तरी त्यांच्या लागणीशी जोडलेला जोखमीचा घटक कोणता निघाला? जोडीदाराला गुप्तरोग असणे. त्यांच्या स्वतःच्या वागण्यात शोधण्यासारखे काही नव्हते. धोका त्यांच्या उंबरठ्याच्या आत होता. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणींना हे वाक्य मी सांगितले आहे, आणि पदराने डोळे टिपत ‘मग माझं काय चुकलं नाही ना?’ असे विचारणाऱ्या बायका मी विसरू शकत नाही. मामांना एवढेच विचारा की घरंदाजपणाची कोणती कसोटी त्या बायकांनी लावायची राहून गेली होती.

गुप्तरोगाने जोखीम का वाढते, याचे कारण सरळ आहे. जखमेमुळे त्वचेचा पडदा फाटतो, आणि ज्या पेशींना हा विषाणू धरतो त्याच पेशी सूज आलेल्या जागी गोळा होतात. म्हणून लग्नापूर्वी दोघांनीही गुप्तरोगांची तपासणी करून घ्यावी. सुंतेबद्दलही नेहमी विचारले जाते. आफ्रिकेतील तीन चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण तिने सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली, परंतु आपल्या घरात बाधित पुरुष आहे, त्यामुळे तो विषय इथे येत नाही.

मुलीने स्वतः प्रतिबंधक गोळी घ्यावी का, हा आपला तिसरा प्रश्न. अशा गोळीला ‘प्रेप’ म्हणतात. केनिया आणि युगांडातील ४,७४७ जोडप्यांच्या चाचणीत निरोगी जोडीदाराने टेनोफोविर व एमट्रिसिटाबिन यांची एकत्रित गोळी रोज घेतल्यावर लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. परंतु ‘व्हॉइस’ नावाच्या चाचणीत, जी दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतील ५,०२९ स्त्रियांवर झाली, तशाच गोळीचा काहीही उपयोग दिसला नाही. औषध तेच होते, पण रक्ताच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत ते सापडले. बायका गोळ्या नेत होत्या, घेत नव्हत्या. त्यांना दोष देऊ नये. गोळी दिसली की घरातले लोक काय समजतील, ही भीती मी इथेही पाहिली आहे. चालताना खिशातल्या डबीत गोळ्या खुळखुळतात आणि शेजारच्याने विचारले तर काय सांगायचे, म्हणून माझ्याकडे येणारा एक तरुण डबीत कापूस ठासून भरत असे. प्रवासात तर तो डबीवरचे लेबलही खरवडून टाकी. अशा माणसाला ‘नियमित घ्या’ एवढे सांगून भागत नाही. त्याला गोळी निर्धास्तपणे घेता येईल असे घर लागते. रोजची गोळी टाळण्यासाठीच आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे लेनाकॅपाविर हे इंजेक्शन आले आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले.

आपल्या घरापुरते बोलायचे तर भावाचा व्हायरल लोड दबलेला राहील तोवर मुलीला प्रेपची गरज पडू नये. तरीही तिला मनाच्या समाधानासाठी सुरुवातीचे काही महिने घ्यावीशी वाटली तर तो निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा असावा. आपण नको म्हणू नये. भावाच्या एका व्हायरल लोडच्या कागदावर मात्र विसंबू नका. मागचे दोन-तीन अहवाल तारखेसह पाहा. गोळ्या मध्ये तुटल्या असतील, तर पुन्हा तपासणी होऊन विषाणू दबल्याची खात्री होईपर्यंत निरोध वापरावा. हे औषध गुप्तरोग किंवा गर्भधारणा थांबवत नाही, हेही दोघांना माहीत असू द्या. मुलाबाळांचे विचारले आहे, तर आई निरोगी राहिली की बाळाला ही बाधा होत नाही. गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी तेवढी चुकवायची नाही.

आणि दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना बोलावून ही गोष्ट उघड करावी, असे जे मामा म्हणतात, ते करू नका. मुलीला सांगणे भावाचे कर्तव्य होते आणि ते त्याने पार पाडले. त्यापलीकडे कुणाला सांगायचे हे त्या दोघांनी ठरवायचे आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही बाधिताच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. लग्नाआधी एकदा दोघांना एकत्र एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडे पाठवा, मुलीला पाच-दहा मिनिटे एकटीने बोलू द्या, आणि केंद्र लांब पडत असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे. व्हायरल लोडचे जुने कागद हाती आले की तारखा आणि आकडे मला इथेच कळवा, नाव-गाव लिहू नका. मी पाहून सांगेन.