१९६० च्या दशकातल्या रेस कारच्या रेप्लिकासाठी त्या काळाला शोभणारे हेडलाइट आणि बल्ब कसे मिळवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६५ च्या सुमाराच्या रेस कारची फायबरग्लास बॉडीची रेप्लिका बांधताय, किटसोबत आलेले सात इंची एच४ दिवे (एकाच हॅलोजन बल्बमध्ये हाय आणि लो अशी दोन फिलामेंट असलेले) डोळ्याला खटकतात, आणि त्या जागी त्या काळचे दिवे हवेत, पण गाडी रात्री रस्त्यावरही चालवायची आहे.

दिवा शोधायच्या आधी बल्ब ठरवा. गोल क्रोमची रिंग कुठलीही चालून जाते. जाणकार काळ ओळखतो तो बल्बच्या बुडावरून आणि काचेवरच्या अक्षरांवरून. एच४ बल्ब १९७१ मध्ये आला, म्हणजे १९६५ च्या गाडीवर तो कितीही महाग काचेमागे बसवला तरी चुकीचाच. त्याआधीचे पर्याय मोजके आहेत. अमेरिकन गाड्यांवर १९४० पासून सीलबीम: काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात, वेगळा बल्ब नाही. सात इंची एकेक दिवा किंवा १९५७-५८ पासून पावणेसहा इंची दोन-दोन. १२ व्होल्टच्या सात इंचीचा जुना क्रमांक ६०१२, ५०/४० वॅट. ६०१४ हा नंतरचा, ६०/५० वॅटचा. ब्रिटिश गाड्यांवर बीपीएफ, म्हणजे पी३६डी बुडाचा बल्ब. लुकास या ब्रिटिश दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत ४१४, ५०/४० वॅट. युरोपात पी४५टी बुडाचा ४५/४० वॅटचा आर२, लुकास क्रमांक ४१०. आणि १९६२ पासून एच१, ५५ वॅट, पहिला हॅलोजन. त्यात फिलामेंट एकच, त्यामुळे हाय बीम आणि लो बीमला वेगवेगळे दिवे लागतात. चार दिव्यांच्या गाडीला किंवा पुढच्या जादा दिव्यांना एच१ शोभतो. एकाच गोल दिव्यात दोन्ही बीम हवे असतील तर नाही.

पुढे ऐतिहासिक स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या वर्गवारीत १९६२ ते १९६५ हा 'एफ' कालखंड आहे. कागदपत्रं करण्याआधी तपासनिसाशी बोलून घ्या.

नुसतं मॉडेल धरून चालत नाही. त्याच गाडीचे दिवे एकाच हंगामात बदलायचे. म्हणून एक ठरावीक शर्यत, एक वर्ष, एक चॅसी क्रमांक पकडा आणि त्याच गाडीचे समोरून घेतलेले फोटो जमवा. काचेवरच्या उभ्या रेघांची नक्षी, मध्यावरचा बिल्ला, दिव्यासमोरची तीन पायांची पट्टी (लुकास पी७०० ची ओळख), मार्शाल या फ्रेंच कंपनीच्या काचेवरचं मांजर, एवढ्यावरून बहुतेक वेळा मेक कळतो. काचेवर टेपची फुली असेल तर मात्र दुसरा फोटो शोधा. कृष्णधवल फोटोवरून पिवळा दिवा ठरवायच्या भानगडीत पडू नका, तो करडाच दिसतो.

आता बाजारात उतरल्यावर सगळ्यात उपयोगी गोष्ट: काच वाचायला शिका. वर्तुळातलं ई आणि त्यापुढचा आकडा म्हणजे ज्या देशानं मान्यता दिली तो देश: १ जर्मनी, २ फ्रान्स, ११ ब्रिटन. ही पद्धत १९५८ च्या करारातून आली, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या गाडीवर ई असलेली काच शोभत नाही. सी म्हणजे लो बीम, आर म्हणजे हाय, सीआर म्हणजे दोन्ही. या अक्षरांआधी एच आला की काच हॅलोजनसाठीची. एचसीआर दिसलं की दिवा जवळजवळ नक्की एच४ चा, विकणारा काहीही सांगो. 'डीओटी' ही अक्षरं असतील तर दिवा १९६८ किंवा त्यानंतरचा. अमेरिकन सीलबीमच्या काचेवर तीन बारीक उंचवटे असतात, ते दिव्याची दिशा जुळवण्याच्या (अलाइनमेंटच्या) यंत्रासाठी.

बाणाकडेही बघा. युरोपीय काचेवर बाण नसेल तर ती उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीची. समोर उभं राहून पाहताना उजवीकडे जाणारा एकच बाण असेल तर डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीची. चुकीची काच घेतलीत तर लो बीमचा वर चढणारा भाग थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि स्क्रू कितीही फिरवा, तो दोष जात नाही. बीपीएफमध्ये हाच घोळ बल्बमध्ये असतो: डावीकडे झुकणारा, उजवीकडे झुकणारा, सरळ खाली झुकणारा असे प्रकार आहेत. काचेशी जुळणाराच घ्या.

कुठे शोधायचं? त्या काळच्या रेस कारचे दिवे बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांचेच होते, म्हणून 'रेसिंग' या शब्दाचे जादा पैसे मोजण्याआधी त्याच काळातल्या सेडान, व्हॅन, ट्रॅक्टर, बस यांचे सुटे भाग चाळा. सात इंची ब्रिटिश युनिट मिनी, एमजीबी, लँड रोव्हर यांच्या सुट्या भागांत सापडतं. जुन्या गाड्या आणि भागांच्या मेळाव्यांत इंग्लंडमधलं ब्युली, पॅरिसचं रेट्रोमोबिल, जर्मनीतलं मानहाइमचं व्हेटेरामा, अमेरिकेत हर्शी. इटालियन गाडी असेल तर कारेल्लो, फ्रेंच असेल तर मार्शाल आणि सिबिए, जर्मन असेल तर बॉश आणि हेला, या नावांनी शोध घ्या. आर२ आणि बीपीएफ बल्ब नवे मिळतात, त्यामुळे जुन्या स्टॉकच्या बल्बसाठी जीव टाकायचं कारण नाही. काच मात्र जुनीच घ्यावी. नव्या नकलांची नक्षी बहुधा उथळ असते आणि मागे होल्डर एच४ चा.

जुनं युनिट हातात आलं की आधी रिफ्लेक्टर. चांदीचा मुलामा काळा पडतो, ॲल्युमिनियमचा थर बुडबुडे धरून सुटतो. दोन्हींवर पॉलिश लावू नका: ॲल्युमिनियमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, फडकं फिरवलं की गेला. पुन्हा चांदी चढवा किंवा व्हॅक्यूममध्ये ॲल्युमिनियम. क्रोम करून घेणारे भेटतात; दिसायला झकास, पण क्रोम सुमारे ६५ टक्के प्रकाश परतवतं, चांदी ९० च्या वर. अनेक ब्रिटिश युनिटांत काच रिफ्लेक्टरला चिकटवलेली असते आणि उघडताना फुटते, तेव्हा अशा युनिटचा रिफ्लेक्टर आधीच धड असलेला पाहा. सीलबीमच्या आत दुधी पांढरा धूर दिसला तर हवा शिरली, तो मेला. वापर न झालेला बल्ब मीटरवर तपासा: पेटलेल्या ४५ वॅटच्या फिलामेंटचा रोध ३.२ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाइतका. म्हणजे मीटर जवळजवळ शून्य दाखवणार; तो शॉर्ट नव्हे. मग बॅटरीवर दहा मिनिटं पेटवून ठेवा. जुन्या बल्बचं बुडाचं सिमेंट सुटलेलं असलं तर तेवढ्यात काच हलायला लागते.

पिवळ्याबद्दल. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत पिवळा प्रकाश सक्तीचा होता, म्हणून ल मां या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीच्या फोटोंत तो दिसतो. त्यासाठी पिवळ्या काचेचा बल्ब किंवा आर२ वर चढवायची पिवळी टोपी वापरा. रंगाचा स्प्रे मारू नका, उष्णतेनं जळतो आणि तपकिरी डाग राहतात. हल्ली पिवळा हेडलाइट बऱ्याच ठिकाणी चालत नाही, तेव्हा पांढरे बल्ब डब्यात असू द्या.

प्रकाश कमी पडतो अशी तक्रार पुढे तुम्ही करणारच, आणि दोष बल्बला द्याल. बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. फायबरग्लास बॉडीतून अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, मिळत नाही, हे किट बांधणारे हमखास विसरतात. दिव्याच्या बकेटला (दिवा बसतो त्या वाटीला) स्क्रू मारला म्हणजे अर्थ झाली असं नाही. प्रत्येक दिव्याच्या अर्थ पिनपासून चॅसीपर्यंत, दिव्याला करंट आणणाऱ्या वायरच्याच जाडीची स्वतंत्र वायर ओढा. एका बाजूचा दिवा मंद आणि लो बीमवर हाय बीमचं फिलामेंटही लालसर, ही तुटलेल्या अर्थची खूण: करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटी वाट काढतो.

हाय आणि लोला वेगळे रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). बॅटरीपासून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनपर्यंत २.५ चौरस मिमीची वायर, ८७ क्रमांकाच्या पिनपासून प्रत्येक दिव्याला १.५ ची. आर२ च्या जोडीला साधारण ७.५ अँपिअर, एच१ च्या जोडीला ९ च्या वर. फ्यूज दोन्ही बाजूंना वेगळे, १० अँपिअरचे. डॅशबोर्डवर जुना टॉगल स्विच खुशाल ठेवा, त्यातून फक्त रिलेचा करंट जातो. इंजिन चालू, दिवे चालू, मग मोजा: बॅटरी आणि बल्बची पिन यांत ०.५ व्होल्टहून जास्त फरक असेल तर जोड शोधा. उलटं टोकही आहे: ५ टक्के जादा व्होल्टेजवर बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, त्यामुळे अल्टरनेटरचा रेग्युलेटर १४.४ च्या वर जात नाही ना हे बघा. पी४५टी बुडाचे ६०/५५ वॅटचे हॅलोजन मिळतात, रात्री फार चालवणार असाल तर ती तडजोड मला मान्य आहे. फक्त होल्डर प्लॅस्टिकचा असेल तर बदला. १०० वॅटचे नकोत.

दिव्यावर ॲक्रिलिकचं कव्हर असेल तर ते सुमारे १०० अंशांना मऊ पडतं. काचेपासून अंतर ठेवा, कव्हराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात पाणी निघायला आणि वाफ जायला बारीक भोक ठेवा. तिरप्या कव्हरमुळे बीम थोडा सरकतो, म्हणून अलाइनमेंट कव्हर लावूनच करायची.

ती करताना टायरात नेमकी हवा, टाकी अर्धी, सीटवर चालकाइतकं वजन. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखा आणि लो बीमची कड त्या रेषेच्या १० सेंमी खाली आणा. आणि हे बॉडीत भोकं पाडण्याआधी: युरोपच्या नियमांत लो बीम जमिनीपासून किमान ५०० मिमीवर लागतो, अमेरिकेत हेडलाइट किमान २२ इंचांवर. बुटक्या रेप्लिका नोंदणीच्या वेळी नेमक्या इथेच अडतात, आणि तेव्हा बकेट वर सरकवायला जागा उरलेली नसते.