झेडपीतल्या बाईंचा मुलगा कुठल्या शाळेत?

मी समुपदेशक आहे. फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे येणारे पालक एकाच प्रश्नाशी अडलेले असतात. "मॅडम, पाचवीपर्यंत मराठी शाळा ठीक होती, आता सहावीला इंग्लिश मीडियमला टाकू का?" नाहीतर बरोबर याच्या उलट : "फी झेपत नाही. परत मराठी शाळेत घातलं तर पोराचं नुकसान होईल का?" दुसरा प्रश्न हल्ली वाढलाय, आणि तो विचारताना माणसं आवाज खाली आणतात. पहिला विचारताना कुणी आणत नाही.

हा दुसरा प्रश्न घेऊन आलेल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

घर नारायणगावच्या बाजूचं. वडील पतसंस्थेत, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आजोबांचा टोमॅटोचा प्लॉट. मुलगा सहावीत, खाजगी सीबीएसई शाळेत. सकाळी पावणेसातला स्कूलबस, साडेतीनला घरी, पाच ते सात क्लास. तरी पहिल्या सत्रात गणित आणि विज्ञान दोन्ही घसरलं. शाळेचा सल्ला एकच : क्लास बदला.

"बस धरून लाखाच्या घरात जातंय," वडील म्हणाले. "पण आता काढला तर आजवर घातलेलं सगळं पाण्यात."

आई बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "इंग्लिश मीडियमला घातला तेव्हा ग्रामसभेत ऐकून घेतलं. बाईंचा स्वतःच्या शाळेवर भरवसा नाही म्हणाले. आता परत आणला तर म्हणतील, बाईंचं पोरगं तिकडं चाललं नाही."

लोक बोलतील, हे खरंच होतं. ते मी खोडत बसले नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी घडण झाली आहे. त्या पठडीत 'असं काही होणार नाही हो' अशी समजूत काढत नाहीत. झालंच तर नेमकं काय होईल, हे विचारतात. मी तेच विचारलं.

"वाईट वाटेल."

"किती दिवस?"

त्या हसल्या. "दिवाळीपर्यंत. मग गावाला दुसरा विषय मिळतो."

पुढच्या भेटीत मी मुलाला एकट्याला बसवलं. वही सुरेख, अक्षर मोत्यासारखं. रेशोची व्याख्या विचारली, त्यानं इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. "म्हणजे काय रे?" म्हटलं, तर तीच व्याख्या पुन्हा, जरा मोठ्यानं. पुस्तकातलं एक गणित दिलं, तर पेन्सिल जागची हलेना.

मी पुस्तक मिटलं. "आजोबा फवारणीला पंपात औषध किती टाकतात?"

"लिटरला दोन मिली. पंधराचा पंप आहे, म्हणजे तीस."

"अर्धाच पंप भरला तर?"

"पंधरा." मग माझ्याकडे बघून स्वतःहून, "झाकण दहाचं असतं. दीड झाकण घ्यायचं."

"हाच रेशो."

त्यानं वही ओढून घेतली, व्याख्येवर बोट ठेवलं आणि चक्क चिडून विचारलं, "मग इथं असं का नाही लिहिलं?"

मुलाच्या बुद्धीत काही खोट नव्हती. तो विचार मराठीत करत होता आणि पाठांतर इंग्रजीत, आणि मधला पूल कुणीच बांधला नव्हता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंतही, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, ते अशा मुलांकडे बघितलं की पटतं. घरी इंग्रजी कानावर पडतं त्या मुलांचं असं होईलच असं नाही. इथे घरी इंग्रजी फक्त डायरीवर सही करण्यापुरतं होतं.

पण खरी गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत. दोघं पुन्हा समोर, पुन्हा फी, पुन्हा लोक. मी आईंना म्हटलं, "ताई, थोडा वेळ हा तुमचा मुलगा नाही असं धरा. हाच मुलगा तुमच्या वर्गात आहे आणि त्याचे आईवडील तुमच्यापुढे बसलेत. काय सांगाल?"

बाई खुर्चीत सरळ झाल्या. आवाजच बदलला. "आधी क्लास बंद करा म्हणेन. पोराला खेळायला वेळ नाही. आकडेमोड येते, शब्द अडतात. सेमी-इंग्लिशला घाला. तिथं गणित-विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी असलं तरी सर समजावतात मराठीत. एकदा समजलं की इंग्रजी शब्द आपोआप बसतात. आणि मराठी लिहिणं कच्चं असणार, त्याला सहा महिने द्या, लगेच मार्क मागू नका."

वडील त्यांच्याकडे बघत राहिले. "हे घरी कधी बोलली नाहीस."

"घरी मला कुणी विचारलं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मीही ती शांतता मोडली नाही. असा क्षण आला की समुपदेशकानं तोंड मिटून बसावं, हे मला आता जमतं. या बाईंनी आजवर कितीतरी मुलांच्या बाबतीत बरोबर सल्ला दिला असेल. फक्त स्वतःच्या मुलाबद्दल बोलताना शिक्षिका बाहेर थांबायची आणि आत नुसती अपराधी आई यायची. पालकांना माहिती कमी असते असं सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की माहिती बरीच असते, ती भीतीखाली दबलेली असते. हा 'दुसऱ्याचं मूल' असल्याचा प्रश्न मी अनेकदा वापरते आणि तो क्वचितच वाया जातो. तुम्हीही घरी करून बघा, पण जोडीदाराला मध्ये बोलू देऊ नका.

आता शाळेचं. 'सरकारी की खाजगी' असे दोनच कप्पे धरले की मधला मोठा कप्पा नजरेतून सुटतो, तो खाजगी अनुदानित शाळांचा. संस्था खाजगी, शिक्षकांचे पगार शासनाचे. 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या कितीतरी शाळा यातल्याच. झेडपीच्या बऱ्याच शाळा चौथी-पाचवीला नाहीतर सातवी-आठवीला संपतात, म्हणजे आज झेडपी निवडली तरी पुढे हायस्कूल शोधावंच लागतं. दहावीपर्यंतचा रस्ता एकदम बघा, फीसुद्धा दहावीपर्यंतची एकत्र मांडा : बस, गणवेश, सहल, क्लास धरून.

काही समज मात्र आधी काढून टाका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच असतात, सहावीला त्यांचा उपयोग नाही. 'मराठी शाळेत आठवीपर्यंत ढकलपास' हेही जुनं झालं. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे आणि फेरपरीक्षेतही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहतं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना जुन्या शाळेनं दाखला रखडवला, तरी आठवीपर्यंत त्या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही. आठवीत होणारी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असते, वर उत्पन्नाची अट. कमी उत्पन्नाच्या घरांना हे फार उशिरा कळतं.

शाळा बघायला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड बघून भुलू नका आणि गळक्या छताकडे बघून परतही फिरू नका. मधल्या सुट्टीत जा. साधारण मार्कांच्या मुलाची वही मागा. हुशार मुलांच्या वह्या सगळीकडे चांगल्याच असतात. गणिताचे शिक्षक किती वर्षं तिथेच आहेत, ते विचारा. खाजगी शाळेत ते दरवर्षी बदलतात का आणि झेडपीत जागा रिकामी आहे का, हे तिथल्या मुलांना अचूक माहीत असतं. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे, पण त्यावरून तुमच्या गावची शाळा कशी आहे हे कळत नाही.

खाजगी शाळाच योग्य, असंही मी सांगितलेलं आहे. एका मुलीच्या गावची शाळा सातवीला संपत होती आणि हायस्कूलची एसटी बेभरवशाची. खाजगी शाळेची बस दारात येत होती. तिथे माध्यमाची चर्चा करत बसणं म्हणजे मुलीचं शिक्षण थांबवणं होतं.

या मुलाला सातवीला अनुदानित हायस्कूलच्या सेमीच्या तुकडीत घातलं. जाण्याआधी तो स्वतः तिथे एक दिवस जाऊन बसला; अकरा-बारा वर्षांच्या मुलाला न विचारता शाळा बदलू नये, हा माझा हट्टच आहे. पहिल्या चाचणीत मराठीत वेलांट्यांनी वाट लावली आणि वडिलांचा फोन आलाच. "बाई काय म्हणाल्या होत्या? सहा महिने," एवढंच मी बोलले. दुसऱ्या सत्रात गणित सावरलं, मराठी अजून यथातथाच आहे. क्लास बंद झाला, संध्याकाळी तो क्रिकेट खेळतो.

वडिलांच्या डोक्यात अजून आहे की नववीला परत सीबीएसईचं बघू. बघायचं असेल तर आठवीच्या निकालाच्या सुमारासच बघा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय, कारण नववीत बोर्डाची नोंदणी झाली की मग हलणं अवघड जातं.