टाइमटेबलातली तीन अक्षरं

मी समुपदेशक. ऑगस्ट उजाडला की माझ्याकडे एक ठरावीक वाक्य यायला लागतं. पारोळ्याकडून येतं, चोपड्याकडून येतं, साक्रीकडूनही. "मॅडम, कॉलेजातले सर लक्षच देत नाहीत." कधी मुलगी म्हणते, कधी तिची आई. म्हणणाऱ्यांपैकी काही जण दिवाळीपर्यंत तासाला बसणंच सोडून देतात. म्हणून एकदा हे सविस्तर लिहायला घेतलं.

मुलाला भूषण म्हणू. नाव बदललंय, आणि त्याच्या हकिकतीत आणखी दोघातिघांचे तपशील मिसळलेत. पारोळा तालुक्यातलं गाव, घरी थोडा कापूस, पाचवी ते बारावी एकाच शाळेत. आता जळगावला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. वडील सोबत आले होते. "शाळेत पहिला नंबर सोडला नाही, आन् आता खोलीवर पडून राहतो." वडील बाहेर गेल्यावर भूषण थेट अहिराणीत बोलला, "माले आठे कोनीच वयखत नही." मला इथे कुणीच ओळखत नाही.

शाळेतल्या सरांबद्दल मात्र तो अर्धा तास बोलत होता. कापूस वेचणीच्या दिवसांत सर शेताच्या बांधावर येऊन वडिलांशी भांडले होते, पोरगं उद्या वर्गात दिसलं पाहिजे म्हणून. बारावीला सगळ्या पोरांची हॉलतिकिटं सरांनी स्वतःच्या कपाटात ठेवली, कारण पोरं हरवतात. अजून रोज संध्याकाळी हा त्यांनाच फोन करायचा.

खान्देशात शिक्षक मोजायची फूटपट्टी तशीही उंच. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, तिथलं छात्रालय सांभाळत, मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. पालक आजही त्याच मापाने मोजतात. पण ते हायस्कूल होतं, हे विसरतात. कॉलेजात एकेका वर्गात शंभराच्या वर मुलं, वर तिन्ही वर्षांचे तास, प्रॅक्टिकलच्या बॅचेस. त्या सरांनी भूषणच्या बांधावर यायचं तरी कधी?

हे सांगून मात्र कुणाचं दुःख कमी होत नाही. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी. 'असं व्हायलाच पाहिजे' हा हट्टच माणसाला दुःखी करतो, असं त्याचं म्हणणं. माणसाच्या बोलण्यातला 'च' मला आधी ऐकू येतो. सरांनी लक्ष द्यायला'च' पाहिजे, नाव माहीत असायला'च' पाहिजे. सर ओळखत असते तर बरं वाटलं असतं, इथवर त्याचं काही चुकत नव्हतं. त्या 'च'पायी तो खोलीवर पडून होता. पण अठरा वर्षांच्या पोराला व्याकरण शिकवून उपयोग नसतो. दुसऱ्या भेटीत मी सहज विचारलं,

"सर तुला ओळखत नाहीत, बरं. त्यांचं नाव काय?"

"केमिस्ट्रीचे सर."

"अरे, नाव?"

त्याने मोबाइलमधला टाइमटेबलचा फोटो पुढे केला. चौकटीत विषय, खाली तीन अक्षरं, आर.डी.एस.

"याचा अर्थ?"

बराच वेळ तो त्या फोटोकडे बघत राहिला. बोटांनी तो मोठा केला, जणू मोठा केल्यावर नाव दिसेल. मग हसला. महिनाभरात पहिल्यांदाच हसला असावा. "मॅडम, मलाबी माहीत नाही."

सतरा वर्षांत असे क्षण मोजकेच आले. सरांसाठी हा एक रोल नंबर, याच्यासाठी सर तीन अक्षरं. हिशेब सारखाच! मलाही तेव्हा एक गोष्ट उमगली. शाळेतलं नातं भूषणला आयतं मिळालं होतं. आठ वर्षांत त्याला कधी मोठ्या माणसाकडे आपणहून जावं लागलं नव्हतं. हुशार मुलांचं तर हे हमखास होतं, कारण शिक्षकच त्यांना शोधत येतात.

घरचा अभ्यास दिला: नाव शोध, आणि एक अडलेलं गणित घेऊन स्टाफरूममध्ये जा. पहिल्यांदा तो दारातूनच परतला. दुसऱ्यांदा सर म्हणाले, "आत्ता नको, तीननंतर ये." याने तो अपमान धरला आणि आठवडाभर गेलाच नाही. मी म्हटलं, "त्यांनी तुला वेळ दिलीय, वेड्या." तिसऱ्यांदा तीनला गेला. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर गणित सोडवून दिलं. नाव विचारलं नाही. "पण तो कागद मी ठेवलाय," भूषण म्हणाला.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर सांगते. शिकवणाऱ्याचं पूर्ण नाव पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्यावं. 'काहीच समजत नाही' असं म्हणत जाऊ नये. वही उघडून, अडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारावं. ओळख व्हायला प्रॅक्टिकलची बॅच वर्गापेक्षा बरी, तिथे पोरं कमी असतात. दारात थबकायला होतं, ते होऊ द्यावं, त्याने काही बिघडत नाही. पालकांनी कॉलेजात फोन करून 'आमच्या मुलाकडे लक्ष द्या' म्हणू नये, पोरगं आणखी आक्रसतं. वर्गात नाव घेऊन टोचणारे, अपमान करणारे प्राध्यापकही असतात. तिथे हा सल्ला लागू नाही. तिथे प्राचार्यांकडे लेखी तक्रारच करावी.

आणि बारावीच्या शिक्षकांना हात जोडून एक विनंती: हॉलतिकीट पोरांच्याच हातात द्या. हरवलं तर दुसरं मिळवायची धावपळ त्यांनाच करू द्या.

भूषण आता येत नाही. मागच्या महिन्यात त्याच्या वडिलांचा फोन आला होता. मला वाटलं, पुन्हा काही झालं. तर म्हणाले, "शाळेतले सर रागावलेत मॅडम. म्हणतात, पोरगं आजकाल फोनच करत नाही."