भूविज्ञानात संशोधन करायचंय? : वाचकांचे प्रश्न

निकाल लागले की तेच प्रश्न नव्याने येतात. यंदाही आले, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : बारावी कॉमर्सनंतर बी.एस्सी. जिऑलॉजी करता येईल?
उत्तर : सहसा नाही, विज्ञान शाखा लागते. कॉलेजात विचारून घ्या.

प्रश्न : बी.एस्सी.नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून हमखास निवड, असं एक क्लास सांगतो. फी भरू का?
उत्तर : अजिबात नको. त्या पदाला एम.एस्सी. लागते आणि निवड यूपीएससीच्या परीक्षेतून होते: पूर्व, मुख्य, मग मुलाखत. याची हमी कुणीच देऊ शकत नाही. पात्रता आयोगाच्या जाहिरातीत स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर वर्ष घालवू नका.

प्रश्न : पीएच.डी. दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळावर आहे. नमुने सीनिअरने दिलेत, नकाशा उपग्रहचित्रांवरून झालाय. फील्डला जायलाच हवं का?
उत्तर : हो, आणि लवकर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाचे थर लांबून सारखेच काळे दिसतात. एक कुठे संपला, मधला तांबड्या मातीचा पट्टा कुठे आहे, कुठे नुसत्या पोकळ्या आणि कुठे घट्ट कातळ, हे घाट पायी चढल्यावरच कळतं. अंबेनळी आणि महाबळेश्वर हे थरसमूह तर मुख्यतः रासायनिक घटकांवरून वेगळे ओळखतात. नमुना कुठला, किती उंचीवरचा, हेच ठाऊक नसेल तर प्रयोगशाळेतले महागडे आकडे बसवणार कुठे? मुरूम होऊ लागलेला किंवा पोकळ्यांत नंतर साचलेल्या झिओलाइट या खनिजाने भरलेला दगड तपासलात तर रसायनही फसवतं आणि वयही. दगड स्वतः फोडा, ताजी बाजू भिंगाखाली बघा, जागा आणि उंची तिथेच वहीत लिहा. रस्ते रुंद होताना कातळाच्या उघड्या भिंती सिमेंटखाली जातात, त्या पुन्हा दिसत नाहीत. पावसाळ्यात मात्र दरडींखाली जाऊ नका, दिवाळीनंतर निघा. कोणते घाट घ्यायचे, ते आधी मार्गदर्शकांबरोबर बसून ठरवा.

प्रश्न : मुलीला दमा आहे. फील्ड झेपेल?
उत्तर : छातीच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तरी इनहेलर सॅकमध्ये हवा आणि सोबत कुणीतरी हवंच.

प्रश्न : चार दिवसांत शोधनिबंध छापतो, पैसे भरा, अशी मेल आली आहे.
उत्तर : चार दिवसांत प्रामाणिक परीक्षण होत नाही. पैसे भरू नका, मेल मार्गदर्शकांना दाखवा.